ड्रायव्हर कॉलमची चुकीची माहिती देतोय? पाणी कुठे मुरतंय ते असं शोधा

रिपोर्टमधल्या रकमेतले दशांशानंतरचे पैसे अचानक गायब होतात. ज्या स्टेटस कॉलमात ०, १, २ असे आकडे आहेत, तो प्रोग्राममध्ये नुसतं खरं-खोटं दाखवतो. ५० अक्षरांचा कॉलम २०० चा असल्याचं कळतं. टेबलात कॉलम १२ आणि यादीत येतात २४. या सगळ्यात डेटा शाबूत असतो, चुकते ती डेटाबद्दलची माहिती, म्हणजे मेटाडेटा. ही चूक हलकी समजू नका. कोड जनरेटर, रिपोर्टची टूल्स, एका डेटाबेसमधून दुसरीकडे डेटा हलवणारे जॉब हे सगळे त्या माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तिच्या आधारे पलीकडे टेबल तयार झालं, की चूक तिथे कायमची मुक्काम ठोकते.

अशा वेळी पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जातो आणि लगेच त्याची आवृत्ती बदलली जाते. बऱ्याचदा ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं असतं. कॉलमची माहिती चार हातांतून येते: डेटाबेसचा कॅटलॉग (टेबलांची रचना जिथे नोंदलेली असते ती यादी), सर्व्हर निकालासोबत पाठवतो ते वर्णन, ड्रायव्हरने त्याचं केलेलं भाषांतर, आणि शेवटी तुमचं टूल किंवा ओआरएम (टेबलं आणि प्रोग्राममधले क्लास जोडणारी लायब्ररी). यातल्या कोणत्या हातात माहिती बदलली, ते ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. सेटिंग आधी बदललं तर लक्षण झाकलं जातं आणि मूळ दुखणं शोधणं दुप्पट कठीण होतं.

आधी बघा, प्रश्न कोणता विचारला होता

जेडीबीसीमध्ये, म्हणजे जावा प्रोग्रामने डेटाबेसशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीत, कॉलमची माहिती दोन वेगळ्या वाटांनी मिळते. डेटाबेसमेटाडेटामधलं गेटकॉलम्स हे कॅटलॉग वाचतं, म्हणजे टेबल कसं बनवलंय ते सांगतं. रिझल्टसेटमेटाडेटा हे एखाद्या क्वेरीच्या निकालाबद्दल बोलतं. क्वेरीत जॉइन, फंक्शन, गुणाकार, युनियन यातलं काही आलं, की ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात आणि तरी दोन्ही बरोबर असतात. म्हणून तक्रार लिहून घेतानाच कोणती वाट वापरली ते नोंदवा.

सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा. गेटकॉलमलेबल म्हणजे क्वेरीत ‘ॲज’ लावून दिलेलं नाव. गेटकॉलमनेम म्हणजे, मानकाप्रमाणे, टेबलातलं मूळ नाव. मायएसक्यूएलचा कनेक्टर-जे ५.१ पासून तसंच वागतो. त्याआधी तो दोन्हीकडे टोपणनावच देत असे, आणि जुन्या कोडसाठी ‘यूजओल्डएलियसमेटाडेटाबिहेवियर’ हा पर्याय ठेवलेला आहे. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर मात्र गेटकॉलमनेम विचारलं तरी टोपणनावच देतो. मूळ नाव हवं असेल तर त्याच्या स्वतःच्या इंटरफेसमधलं गेटबेसकॉलमनेम वापरावं लागतं. त्यामुळे एकच प्रोग्राम दोन डेटाबेसवर दोन नावं दाखवतो. उपाय सरळ आहे: निकालातला कॉलम नावाने शोधायचा असेल तर कायम गेटकॉलमलेबल वापरा. हे दोन्ही ड्रायव्हर त्याच्या बाबतीत एकमताने वागतात.

एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं. तिथे ‘ॲज’ न लावलेल्या कॉलमचं नाव काय येईल याची हमीच दिलेली नाही, पुढच्या आवृत्तीत ते बदलू शकतं. नावावर अवलंबून असाल तर ‘ॲज’ लावाच.

ड्रायव्हर बाजूला ठेवून सर्व्हरचं म्हणणं ऐका

ही पायरी गाळू नका. खरं निदान इथेच होतं.

पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएल हा कमांड लाइन क्लायंट उघडा (११ किंवा त्यापुढची आवृत्ती), क्वेरी लिहा, शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून ‘जीडेस्क’ लिहा. क्वेरी चालत नाही, फक्त निकालातल्या प्रत्येक कॉलमचं नाव आणि टाइप छापला जातो. मायएसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट ‘कॉलम-टाइप-इन्फो’ हा पर्याय देऊन सुरू केला, की प्रत्येक निकालाआधी नाव, टेबल, मूळ टेबल, टाइप, कोलेशन (मजकुराचा कॅरेक्टर सेट आणि क्रम ठरवणारा नियम), लांबी, दशांश आणि फ्लॅग दिसतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून ‘एसपी_डिस्क्राइब_फर्स्ट_रिझल्ट_सेट’ ही प्रोसीजर आहे, तिला क्वेरी स्ट्रिंग म्हणून द्या.

मग ड्रायव्हरकडून तीच माहिती काढा. दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो: तीच क्वेरी चालवा आणि प्रत्येक कॉलमसाठी लेबल, नेम, टाइपचा आकडा, टाइपचं नाव, प्रिसिजन (एकूण आकडे), स्केल (दशांशानंतरचे आकडे) आणि नलेबल (नल, म्हणजे रिकामी किंमत, चालते का) हे सात तुकडे छापा. टाइपचा आकडा वाचता यायला हवा: ४ म्हणजे इंटिजर, उणे ५ बिगइंट, २ न्यूमेरिक, ३ डेसिमल, १२ व्हारचार, उणे ७ बिट, १६ बूलियन, ९१ डेट, ९३ टाइमस्टॅम्प, आणि ११११ म्हणजे ‘इतर’, अर्थात ड्रायव्हरला तो टाइप जेडीबीसीच्या चौकटीत बसवता आलेला नाही. पोस्टग्रेसचा जेसनबी तसाच येतो.

याच प्रोग्राममध्ये ड्रायव्हरची आणि सर्व्हरची आवृत्तीही छापा, आणि ड्रायव्हरचा क्लास नेमक्या कोणत्या जार फाइलमधून, म्हणजे जावा कोडच्या गठ्ठ्यातून, लोड झाला तेही. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये पडलेली जुनी जार आधी उचलली जाते आणि तुम्ही प्रोजेक्टमध्ये टाकलेली नवी जार कधी वापरलीच जात नाही, हे फार वेळा घडतं.

सर्व्हर आणि ड्रायव्हर यांची उत्तरं जुळली तर ड्रायव्हर निर्दोष. तेव्हा क्वेरीत किंवा टूलमध्ये शोधा. जुळली नाहीत, तरच ड्रायव्हरच्या सेटिंगांकडे वळा.

एक उदाहरण जवळून: हरवलेले दशांश

पोस्टग्रेसमध्ये ‘बिल’ नावाचं टेबल आहे आणि त्यात ‘रक्कम’ कॉलम न्यूमेरिक (१२,२) आहे. नुसती रक्कम निवडली तर ड्रायव्हर प्रिसिजन १२, स्केल २ सांगतो. आता १८ टक्के जीएसटी धरून ‘रक्कम गुणिले १.१८’ निवडा. प्रिसिजन ०, स्केल ०. रिपोर्टच्या टूलला वाटतं दशांश नाहीत, आणि ते पूर्णांक छापतं.

असं का होतं ते तारेवरून काय जातं ते पाहिलं की कळतं. पोस्टग्रेस निकालाआधी वर्णनाचा एक संदेश पाठवतो. त्यात प्रत्येक कॉलमसाठी नाव, टेबलचा ओआयडी (पोस्टग्रेसने दिलेला अंतर्गत ओळख क्रमांक), कॉलमचा क्रमांक, टाइपचा ओआयडी, टाइपचा आकार, टाइप मॉडिफायर आणि फॉरमॅट इतकंच असतं. प्रिसिजन आणि स्केल त्या मॉडिफायरमध्ये बांधलेले असतात: प्रिसिजनला ६५५३६ ने गुणा, स्केल मिळवा, वर ४ मिळवा. (१२,२) साठी ७८६४३२ अधिक २ अधिक ४, म्हणजे ७८६४३८. व्हारचारसाठी नुसती लांबी अधिक ४, त्यामुळे ५० चा कॉलम ५४ म्हणून जातो. पण गुणाकार केला की निकालाला ठरलेली मर्यादा उरत नाही आणि सर्व्हर मॉडिफायर उणे १ पाठवतो, म्हणजे ‘माहीत नाही’. जेडीबीसीत ‘माहीत नाही’ सांगायला जागा नाही, म्हणून ड्रायव्हर ० देतो. टूल ते शून्य खरं मानतं.

जीडेस्कने हे चटकन दिसतं: पहिल्या क्वेरीत न्यूमेरिक (१२,२), दुसरीत नुसतं न्यूमेरिक. उपाय क्वेरीतच करायचा. संपूर्ण हिशेबाला बाहेरून कास्ट (टाइप बदलायची आज्ञा) लावा आणि त्याला न्यूमेरिक (१४,२) करा. कास्ट सगळ्यात बाहेर हवा. आतल्या प्रत्येक ओळीला लावून मग बेरीज केली तर प्रत्येक ओळीवर पूर्णांकन होतं, शेवटी पैशांचा फरक पडतो आणि बेरजेला मर्यादा नसल्याने मेटाडेटाही पुन्हा हरवतो. मर्यादा थोडी सैल ठेवायचं कारण असं की (१२,२) मध्ये दशांशाआधी १० च आकडे मावतात, एकूण रक्कम त्यापुढे गेली तर क्वेरीच कोसळते.

याच जातीचे आणखी प्रकार लक्षात ठेवा. इंटिजरची बेरीज बिगइंट होते आणि बिगइंटची बेरीज न्यूमेरिक. अप्पर किंवा लोअर लावलेला व्हारचार टेक्स्ट होतो आणि त्याची लांबी २१४७४८३६४७ दिसते. वेगवेगळ्या लांबीच्या दोन व्हारचारचं युनियन केलं की लांबी जाते.

ओरॅकलमध्ये हेच दुखणं वेगळ्या चेहऱ्याने येतं. मर्यादा न देता बनवलेल्या नंबर कॉलमचं प्रिसिजन ० आणि स्केल उणे १२७ येतं. उणे १२७ हा आकडा बिघाड नाही, ‘स्केल ठरलेलं नाही’ याची ती खूण आहे. असा कॉलम स्पार्क या मोठा डेटा हाताळणाऱ्या टूलमध्ये वाचला तर तो डेसिमल (३८,१०) होतो, आणि पोस्टग्रेसचा मर्यादा नसलेला न्यूमेरिक (३८,१८) होतो. पलीकडे मोठे आकडे नल झाले किंवा शेपटीला शून्यांची रांग लागली तर कारण हेच.

ड्रायव्हरची मुद्दाम केलेली भाषांतरं

मायएसक्यूएलमध्ये बूलियन हा वेगळा टाइप नाही, टायनीइंट (१) हेच त्याचं रूप. म्हणून कनेक्टर-जे असा कॉलम दिसला की तो बिट म्हणून सांगतो. ‘टायनीइंट१इजबिट’ हे सेटिंग मुळातच चालू असतं. कॉलमात खरंच हो-नाही असेल तर ठीक, पण ०, १, २ असे स्टेटस ठेवले असतील तर १ आणि २ दोन्ही ‘खरं’ होऊन बसतात. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये ते सेटिंग बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे कॉलम साधा टायनीइंट करा, कारण यूआरएल दहा ठिकाणी लिहिलेली असते आणि एक जागा राहतेच.

ओरॅकलच्या डेट टाइपमध्ये सेकंदापर्यंतची वेळ असते. ११.१ पासूनचा ड्रायव्हर तो ९३, म्हणजे टाइमस्टॅम्प सांगतो. ‘मॅपडेटटूटाइमस्टॅम्प’ बंद केलं तर ९१ येतं, पण वेळ कापली जाते. कोणी ‘डेट कॉलम डेटच दिसला पाहिजे’ म्हणून हे बंद करायला सांगितलं, तर आधी त्या कॉलमात वेळ साठवलेली नाही ना ते तपासा.

कॉलमवरच्या टिपा, म्हणजे कॉमेंट, येत नसतील तर ओरॅकलमध्ये ‘रिमार्क्सरिपोर्टिंग’ चालू करावं लागतं, आणि सिनोनिमवरून (टेबलला दिलेल्या पर्यायी नावावरून) कॉलम हवे असतील तर ‘इन्क्लूडसिनोनिम्स’. एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटकॉलम्स टिपेच्या जागी कायम नलच देतं. तिथे टिपा एक्स्टेंडेड प्रॉपर्टीमध्ये असतात, त्या वेगळ्या क्वेरीने काढा.

लांबी: अक्षरं की बाइट

मराठी डेटा ठेवणाऱ्यांना हा भाग टाळून चालणार नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणून १० कोड पॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हं). यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट, म्हणून ३० बाइट. ‘लांबी किती’ याची ही तीन उत्तरं, आणि प्रत्येक थर आपलं वेगळं देतो.

ओरॅकलमध्ये व्हारचार२ (२०) म्हणजे, सेटिंग बदललं नसेल तर, २० बाइट. त्यात सहा कोड पॉइंट मावतात, आणि ‘महाराष्ट्र’ घालायला गेलात तर ओआरए-१२८९९ ही त्रुटी मिळते. टेबल बनवतानाच ‘२० कॅर’ असं लिहा. कॅटलॉगमध्ये डेटा_लेंग्थ बाइट सांगतो आणि कॅर_लेंग्थ अक्षरं, टूल यातलं कोणतं वाचतं ते पाहा. एसक्यूएल सर्व्हरच्या कॅटलॉगमध्ये एनव्हारचार (५०) ची कमाल लांबी १०० दिसते, कारण तीही बाइटमध्ये आहे, आणि मॅक्स असेल तर उणे १.

मायएसक्यूएल निकालाच्या वर्णनात लांबी बाइटमध्ये पाठवतो, आणि तीही कनेक्शनच्या कॅरेक्टर सेटनुसार मोजून: यूटीएफ८एमबी४ असेल तर व्हारचार (५०) चे २००, यूटीएफ८एमबी३ असेल तर १५०. ड्रायव्हरने तिला एका अक्षराच्या कमाल बाइटांनी भागायचं असतं. २०० दिसत असेल तर कोणीतरी भागाकार विसरला. कोलेशन ६३ दिसलं, तर सर्व्हर तो कॉलम बायनरी मानतोय. मजकूर बाइटांच्या रूपात यायचं कारण तिथे सापडतं.

कॉलम दुप्पट येतात किंवा येतच नाहीत

गेटकॉलम्सला दिलेलं टेबलचं नाव हे नाव नसून एसक्यूएलच्या ‘लाइक’चा नमुना असतो. त्यात अंडरस्कोअर म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. ‘सेल्स_एप्रिल’ मागितलं की ‘सेल्स२एप्रिल’चेही कॉलम त्याच यादीत येतात. आपल्याकडे टेबलांच्या नावांत अंडरस्कोअर सर्रास असतो, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि कोणी बॅकअपचं टेबल बनवलं त्या दिवशी जागा होतो. अंडरस्कोअरआधी एस्केपचं चिन्ह (पुढचं अक्षर जसंच्या तसं घ्या अशी खूण) लावा, आणि ते चिन्ह हाताने लिहू नका. गेटसर्चस्ट्रिंगएस्केपला विचारून घ्या, कारण पोस्टग्रेसमध्ये ते बॅकस्लॅश आहे आणि ओरॅकलमध्ये फॉरवर्ड स्लॅश. त्यावर आलेल्या प्रत्येक ओळीतलं टेबलचं नाव मागितलेल्या नावाशी तंतोतंत जुळतं का तेही तपासा.

दुसरं कारण स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा गट. स्कीमाच्या जागी नल दिलं की सगळ्या स्कीमा शोधल्या जातात. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस हा जेडीबीसीच्या दृष्टीने ‘कॅटलॉग’ असतो (इथे कॅटलॉग म्हणजे टेबलांचा सगळ्यात वरचा गट, वर आलेली रचनेची यादी नव्हे), आणि तिथे नल देणाऱ्यांना ५.१ वरून ८.० वर जाताना धक्का बसतो. ५.१ मध्ये नल म्हणजे चालू डेटाबेस, ८.० मध्ये नल म्हणजे सगळे डेटाबेस, कारण ‘नलकॅटलॉगमीन्सकरंट’ची मूळ किंमत उलटी झाली. पुढे त्याचं नावही ‘नलडेटाबेसमीन्सकरंट’ झालं. शेजारच्या डेटाबेसमध्ये त्याच नावाचं टेबल सापडलं की फ्रेमवर्कला वाटतं टेबल आधीच आहे, आणि ते बनवतच नाही. कॅटलॉग नेहमी स्पष्ट द्या.

काहीच येत नसेल तर नाव मोठ्या लिपीत (कॅपिटल) दिलंय की छोट्या ते पाहा. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली रोमन नावं ओरॅकल मोठ्या लिपीत साठवतो, पोस्टग्रेस छोट्या. तेही बरोबर असेल तर परवानगी पाहा: पोस्टग्रेसचा इन्फर्मेशन स्कीमा फक्त तुमच्या युजरला ज्यावर काही हक्क आहे तेच कॉलम दाखवतो.

शिळा मेटाडेटा

एसक्यूएल सर्व्हरमधला हा प्रकार सगळ्यात घातक आहे. ‘ग्राहक’ टेबलात नाव, शहर, फोन असे तीन कॉलम, आणि त्यावर ‘सिलेक्ट तारा’ (सगळे कॉलम) लिहून बनवलेला व्ह्यू, म्हणजे साठवून ठेवलेली क्वेरी. पुढे कोणी शहर काढून टाकतो आणि शेवटी पिनकोड जोडतो. टेबलात आता नाव, फोन, पिनकोड. व्ह्यूच्या कॅटलॉगमधली नावं मात्र जुनीच राहतात. व्ह्यू चालतो, त्रुटी येत नाही, फक्त ‘शहर’खाली फोन नंबर आणि ‘फोन’खाली पिनकोड दिसतो. ड्रायव्हर जे मिळालं तेच प्रामाणिकपणे सांगतो. ‘एसपी_रिफ्रेशव्ह्यू’ चालवा, आणि व्ह्यूमध्ये तारा लिहिणं थांबवा. टेबल बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी अवलंबून असलेले व्ह्यू ताजे करायची ओळ असायलाच हवी.

पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर तीच प्रिपेअर्ड क्वेरी पाचव्यांदा चालवताना ती सर्व्हरवर नाव देऊन ठेवतो. त्यानंतर टेबलातल्या कॉलमचा टाइप बदलला, की ‘कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप’ ही त्रुटी येते. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर असाल तर ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःच सावरतो, आत असाल तर ट्रान्झॅक्शन फुकट जातं. ‘ऑटोसेव्ह’ला ‘कन्झर्व्हेटिव्ह’ करणं हा एक मार्ग. पण खरा उपाय म्हणजे बदलानंतर पूलमधली (पुन्हापुन्हा वापरायला उघडून ठेवलेली) कनेक्शनं नवी करणं. हिकारीसीपी या पूलमध्ये एका कनेक्शनचं कमाल आयुष्य मुळात ३० मिनिटं असतं, म्हणून ही त्रुटी अर्धा तास कधी येते, कधी नाही, आणि मग आपोआप थांबते. आपोआप थांबली म्हणून प्रकरण बंद करू नका.

नलबद्दलची खोटी खात्री

पोस्टग्रेसच्या त्या वर्णनाच्या संदेशात ‘नल चालतो का’ हे नसतंच. जेडीबीसी ड्रायव्हर मूळ टेबलच्या कॅटलॉगमध्ये जाऊन ते वेगळं विचारतो. त्यामुळे लेफ्ट जॉइनच्या उजव्या बाजूचा नॉट नल कॉलम ‘नल येणार नाही’ असाच सांगितला जातो, आणि जुळणारी ओळ नसली की नल येतो. त्यावरून क्लास बनवणारे जनरेटर तिथे फसतात. नलेबलची ० ही किंमत जॉइन असलेल्या क्वेरीत कधीही पुरावा मानू नका. २ म्हणजे ‘माहीत नाही’, ते तर नल येऊ शकतो असंच धरा. पायथनमध्ये पोस्टग्रेसचा ड्रायव्हर सायकोपीजी२ त्या जागी कायम नन (‘काही नाही’) देतो, आणि एसक्यूलाइटचं मॉड्यूल तर कॉलमच्या वर्णनातल्या सातपैकी नाव सोडून बाकी सहा रकाने रिकामेच ठेवतं.

ओडीबीसी असेल तर

ओडीबीसी ही डेटाबेसशी बोलायची जावाबाहेरची मानक पद्धत. पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर लांबी ठाऊक नसलेल्या मजकुरासाठी स्वतःच्या मर्यादा वापरतो: व्हारचारला २५५, लाँगव्हारचारला ८१९०. मजकूर बरोबर या आकड्यांवर तुटत असेल तर डीएसएनमध्ये (जोडणीच्या साठवलेल्या सेटिंगांत) त्या वाढवा. लिनक्सवर लांबीच्या जागी ४२९४९६७२९५ दिसला, तर तो उणे १ आहे, फक्त ३२ बिटांत वाचलेला. ड्रायव्हर आणि ड्रायव्हर मॅनेजर यांची एसक्यूएललेनची (लांबी ठेवणाऱ्या टाइपची) मापं वेगळी आहेत. ‘ओडीबीसीइन्स्ट’ ही कमांड ‘जे’ पर्यायासह चालवा, मॅनेजरचं माप ती छापते. ६४ बिटवर ते ८ बाइट हवं, आणि ड्रायव्हरही तसाच बांधलेला हवा. विंडोजवर ३२ आणि ६४ बिटांची सिस्टिम डीएसएन वेगळी असतात. ३२ बिटांचं टूल असेल तर सिसवाऊ६४ फोल्डरमधलंच व्यवस्थापन उघडा, नाहीतर बदललेलं सेटिंग त्या टूलपर्यंत पोचणारच नाही.

इतकं करूनही सर्व्हर एक सांगतो आणि ड्रायव्हर दुसरंच, असं पक्कं झालं तर तो खरा बग. तक्रारीत टेबल बनवायची पूर्ण आज्ञा, एकच क्वेरी, तो दहा ओळींचा प्रोग्राम, त्याचं आउटपुट, सर्व्हरकडून थेट मिळालेलं वर्णन, दोन्ही आवृत्त्या आणि यूआरएलमधली सेटिंगं (पासवर्ड काढून) द्या. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत क्वेरीत स्पष्ट कास्ट आणि ‘ॲज’ लावून काम चालवा, आणि त्या ओळीशेजारी टिपेत ड्रायव्हरची आवृत्ती लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या अपग्रेडला ती तात्पुरती ठिगळं काढता येतील.